परमुलखी गेलेल्याचा हिशेब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी व्याख्यात्याने शिक्षणप्रसारावर, विवाहातील अनाठायी खर्चावर किंवा ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आज आम्ही तो थोडा बाजूस ठेवणार आहोत. आम्ही बोलणार आहोत ते एका फुटबॉलपटूविषयी. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या प्रांताचे नव्हेत, इतकेच काय, आपल्या देशाचेही नव्हेत. मग त्यांची कथा येथे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे.

त्याचे कारण असे. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून क्रीडेत नैपुण्य दाखविणाऱ्या मुलामुलींनाही साहाय्य द्यावे, अशी सूचना यंदा कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. तिच्यावर दोन आक्षेप घेण्यात आले. पहिला असा की, खेळ हे काही पोट भरण्याचे साधन नव्हे. दुसरा असा की, खेळाडू खरोखरच मोठा झाला तर तो परदेशी जाणार, आणि परदेशी गेलेला माणूस ज्ञातीच्या काय उपयोगाचा? हे आक्षेप घेणारी मंडळी निधीचा पैसा जपणारी आहेत, उडवणारी नव्हेत. म्हणून त्यांना आदरपूर्वक उत्तर देणे आवश्यक आहे. कोऱ्या तत्त्वचर्चेपेक्षा एका माणसाचा जीवनक्रम पाहिला, तर ते उत्तर अधिक स्पष्ट होईल, असे आम्हास वाटते.

या गृहस्थांचे नाव चा बुम-कुन. आपल्याकडे जुन्या हजेरीपटात आडनाव आधी लिहीत, तशीच कोरियातही रीत आहे. 'चा' हे त्यांचे आडनाव. परंतु मराठीत 'चा' म्हटले की षष्ठीचा प्रत्यय तरी आठवतो, नाही तर कपबशी तरी! म्हणून आम्ही त्यांचा उल्लेख बुम-कुन असाच करू.

त्यांचा जन्म १९५३ साली दक्षिण कोरियातील ह्वासोंग येथे झाला. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात कोरियातील युद्ध थांबले. देश दुभंगलेला आणि उद्ध्वस्त झालेला होता. त्या देशाचे दारिद्र्य किती होते, याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. १९६३ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत हजारो कोरियन तरुण पश्चिम जर्मनीच्या कोळशाच्या खाणींत उतरले आणि हजारो कोरियन तरुणी तेथील रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबल्या. घरी पैसा पाठवावा, हा त्यांचा हेतू. आपल्या कोकणातील घरांनी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर दिवस काढले आहेत. त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

अशा देशात हा मुलगा फुटबॉल खेळू लागला. १९७२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याची राष्ट्रीय संघात निवड झाली. शिक्षण मात्र त्याने सोडले नाही. सोल येथील कोरिया विद्यापीठात त्याचा अभ्यास आणि खेळ जोडीने चालू राहिला. १९७६ साली सोल येथे मलेशियाविरुद्धच्या सामन्यात कोरियाचा संघ १-४ असा मागे पडला होता. सामना संपत आला असता बुम-कुन यांनी अखेरच्या काही मिनिटांत लागोपाठ तीन गोल केले आणि सामना ४-४ असा बरोबरीत सोडविला. १९७८ च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत ते सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात होते. त्या अंतिम सामन्यात एकही गोल झाला नाही आणि दोन्ही कोरियांना ते पदक विभागून देण्यात आले.

इथपर्यंत सारे ठीक होते. परंतु याच्या पुढे काय? कोरियात त्या वेळी धंदेवाईक फुटबॉल नव्हताच. तो १९८३ साली सुरू झाला. बँकांचे, कारखान्यांचे आणि सैन्यदलांचे संघ असत. आपल्या मुंबईतही टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ होते आणि चांगल्या खेळाडूला तेथे नोकरी मिळे. पगार कारकुनाचा, खेळ संघासाठी, आणि वय झाले की पुन्हा मेजावर. ही व्यवस्था आम्ही वाईट म्हणत नाही. तिने कित्येक कुटुंबे जगविली. परंतु तिच्यात खेळाची उंची एका मर्यादेच्या वर जात नाही.

'धंदेवाईक' या शब्दाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. मराठीत हा शब्द आपण काहीसे नाक मुरडूनच उच्चारतो. वैद्य पैसे घेतो, वकील पैसे घेतो, कीर्तनकारही बिदागी घेतो. त्यांना आपण धंदेवाईक म्हणून हिणवीत नाही. खेळाडूने घेतले की मात्र खेळ बाटला! वस्तुतः धंदेवाईक म्हणजे ज्याच्या कामाचे माप दर आठवड्यास भर चौकात घेतले जाते, असा मनुष्य होय.

बुम-कुन यांनी १९७८ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीतील डार्मश्टाट या संघाशी करार केला. ३० डिसेंबर १९७८ रोजी ते तेथे पहिला सामना खेळले आणि तोच त्या संघातील त्यांचा शेवटचा सामना ठरला. हवाई दलातील त्यांच्या सक्तीच्या सेवेचे काही महिने अद्याप उरले होते. त्यांना परत यावे लागले. युरोपचे दार उघडले आणि लागलेच मिटले. त्यांनी उरलेली सेवा पूर्ण केली, आणि १९७९ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा निघाले, या वेळी आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट या नामांकित संघासाठी. तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. फुटबॉलपटूचे निम्मे आयुष्य त्या वयात सरलेले असते.

येथे आघाडीच्या खेळाडूचे काम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे जरूर आहे. संघात अकरा जण असतात. बचावातील खेळाडूने दहा चेंडू अडविले तर त्याची वाहवा होते. मध्यफळीतील खेळाडूची धावपळ सर्वांस दिसते. आघाडीच्या खेळाडूच्या पायाशी मात्र नव्वद मिनिटांत चेंडू फार थोडा वेळ असतो, आणि त्यातही गोल करण्याची संधी एक किंवा दोन. ती साधली तर तो वीर, हुकली तर तो निरुपयोगी. त्यातून तो परदेशी असेल तर परीक्षा दुहेरी. त्या काळी जर्मनीच्या बुंडेस्लिगा या प्रथम श्रेणीच्या स्पर्धेत एका संघाला दोनच परदेशी खेळाडू खेळविता येत. त्या दोनांतील एक जागा अडवून बसलेला माणूस गोल करीत नसेल, तर त्यास कोण ठेवून घेणार?

त्यांच्या आधी एक आशियाई खेळाडू तेथे आलेला होता. जपानचे यासुहिको ओकुदेरा १९७७ पासून कोलोन येथे खेळत होते. परंतु कोरियाच्या कोणाही खेळाडूने ही वाट तोवर चालून पाहिलेली नव्हती. भाषा परकी, अन्न परके, हिवाळा कडक. अशा स्थितीत पहिल्याच हंगामात बुम-कुन यांनी बुंडेस्लिगात १२ गोल केले, आणि १९८० च्या मे महिन्यात त्यांच्या फ्रँकफुर्ट संघाने युरोपातील यूएफा चषक जिंकला. पुढील वर्षी जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात कायझर्सलाउटर्नचा ३-१ असा पराभव झाला; त्यातील तिसरा गोल त्यांचा होता. जर्मन प्रेक्षक त्यांना 'चा बूम' म्हणू लागले. त्यांच्या फटक्याला बॉम्बगोळ्याची उपमा देण्यास ते नाव आयतेच सापडले.

परंतु या दोन विजयांच्या मध्ये एक निराळा प्रसंग घडला, आणि आमच्या मते या चरित्रातील तोच सर्वांत मोठा आहे. ऑगस्ट १९८० मध्ये बायर लेव्हरकुसेन संघाविरुद्धच्या सामन्यात युर्गेन गेल्सडोर्फ या बचावपटूने त्यांना मागून धडक दिली. कमरेच्या मणक्याला दुखापत झाली. खेळ कायमचा संपतो की काय, अशी ती अवस्था होती. फ्रँकफुर्टचे प्रेक्षक गेल्सडोर्फवर अतिशय संतापले. बुम-कुन काही काळाने बरे होऊन मैदानावर परतले. आणि तीन वर्षांनी, १९८३ साली, ते संघ बदलून गेले ते कोठे? त्याच लेव्हरकुसेनला! गेल्सडोर्फ तेव्हा त्याच संघात खेळत होते, आणि पुढील तीन हंगाम हे दोघे एकाच रंगाचा सदरा घालून मैदानात उतरले. ज्याने आपली कंबर मोडली त्याच्याकडून चेंडू घ्यावयाचा आणि गोल करावयाचा! क्षमेवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. दर शनिवारी घाम गाळून केलेली अशी क्षमा क्वचित पाहावयास मिळते.

लेव्हरकुसेनचा हा संघ १९०४ साली बायर या रासायनिक कारखान्यातील कामगारांनी स्थापन केलेला. तेथे १९८५-८६ च्या हंगामात त्यांनी १७ गोल केले. त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वाधिक आकडा. त्यानंतर वय आपला वाटा मागू लागले. पुढील हंगामात ६, मग ४, मग ३. आकडे उतरणीस लागले आणि चोपड्या पाहणारा कोणीही म्हणाला असता की, आता हा माणूस संपला.

ज्या हंगामात ४ गोल झाले, त्याच हंगामाच्या शेवटी, मे १९८८ मध्ये, लेव्हरकुसेन यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. ही फेरी दोन सामन्यांची असे. स्पेनच्या एस्पान्योल संघाने पहिला सामना ३-० असा जिंकला. दुसरा सामना १८ मे रोजी लेव्हरकुसेनला झाला. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. उत्तरार्धात दोन गोल झाले. एक उरला. एक्याऐंशीव्या मिनिटाला बुम-कुन यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि हिशेब बरोबर झाला. पुढे पेनल्टीच्या फटक्यांवर लेव्हरकुसेनने चषक जिंकला. त्या दिवशी ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर उभे होते.

१९८९ साली ते निवृत्त झाले तेव्हा बुंडेस्लिगातील त्यांचा हिशेब असा होता : सामने ३०८, गोल ९८. तोपर्यंत कोणाही परदेशी खेळाडूने तेथे इतके गोल केलेले नव्हते. या ९८ मध्ये पेनल्टीवर केलेला गोल एकही नाही. म्हणजे प्रत्येक गोल चालत्या खेळात, बचावाशी झुंजून मिळविलेला. आमच्या पहिल्या आक्षेपकांना आमचे इतकेच सांगणे आहे की, दहा वर्षांची इतकी सचोटीची चाकरी ज्या धंद्यात करता येते, तो धंदा पोट भरण्याच्या योग्यतेचा नाही असे म्हणवत नाही. धोका मात्र आहे, आणि तो एका धडकेत कळतो. त्याची तरतूद कशी करावी, याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक खोल आहे, आणि बुम-कुन यांच्या चरित्रात त्याला आधारही सापडतो. तो आम्ही लपविणार नाही. १९७८ पर्यंत जो खेळाडू कोरियाच्या संघाचा कणा होता, तो जर्मनीस गेल्यावर सात वर्षे राष्ट्रीय संघातून खेळला नाही. याच काळात १९८२ ची विश्वचषक स्पर्धा आली. कोरियाला तिच्यात प्रवेश मिळाला नाही. त्या दिवसांत सोलमधील एखाद्या फुटबॉलप्रेमी वृद्धाने विचारले असते की, 'आमचा मुलगा जर्मनांसाठी गोल करतो, आमच्यासाठी कोण करणार?', तर त्यास काय उत्तर देता आले असते? १९८६ साली मेक्सिकोच्या विश्वचषकासाठी मात्र ते मायदेशाच्या संघात आले. १९५४ नंतर कोरिया प्रथमच त्या स्पर्धेत उतरत होता. तीन सामने झाले. एक बरोबरीत सुटला, दोन हरले, आणि बुम-कुन यांच्या नावावर एकही गोल लागला नाही. त्या वर्षी ज्याने जमाखर्च मांडला असेल, त्याला गेलेल्या माणसाच्या खात्यात नावेच दिसली असतील, जमा काहीच नाही.

परंतु बंधुभगिनींनो, हिशेब किती वर्षांचा मांडावयाचा, हाच तर मुद्दा आहे. शेतात आंब्याचे कलम लावणारा पहिल्या पावसाळ्यानंतर वजनकाटा घेऊन बसत नाही. बुम-कुन यांनी शाळकरी खेळाडूंसाठी आपल्या नावाचे एक पारितोषिक सुरू केले, आणि मायदेशी परतल्यावर मुलांसाठी फुटबॉलची शाळा काढली. ते पारितोषिक लहानपणी मिळविणाऱ्यांत पार्क जी-सुंग हा एक मुलगा होता. तो पुढे इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेडचा नामवंत खेळाडू झाला. बुम-कुन यांचे चिरंजीव चा दु-री, ज्यांचा जन्मच फ्रँकफुर्टचा, ते २००२ साली मायदेशात झालेल्या विश्वचषकात कोरियाकडून खेळले. त्या वर्षी कोरियाने उपांत्य फेरी गाठली. सन ह्युंग-मिन हे कोवळ्या वयातच जर्मनीस गेले, २०१३ ते २०१५ या काळात त्याच लेव्हरकुसेनकडून खेळले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपातील १२१ गोलांचा बुम-कुन यांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. जो यूएफा चषक बुम-कुन यांनी दोनदा जिंकला, त्याचेच आजचे रूप असलेला युरोपा लीग चषक सन यांनी २०२५ साली टॉटनहॅमचे कर्णधार या नात्याने उचलला. पहिल्याने पायवाट पाडली, दुसऱ्याने ती रुंद केली, तिसऱ्यापर्यंत तिचा राजमार्ग झाला.

समाजाचा हिशेब आखूड असला की काय होते, याचेही उदाहरण याच चरित्रात आहे. १९९८ साली फ्रान्समधील विश्वचषकात बुम-कुन कोरियाचे प्रशिक्षक होते. नेदरलँड्सने कोरियाला ५-० असे हरविले, आणि स्पर्धा चालू असतानाच त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वीस-पंचवीस वर्षांची सेवा एका पराभवाने पुसली गेली! त्यांनी काम सोडले नाही. पुढे २००४ आणि २००८ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुवोनचा संघ कोरियाच्या लीगमध्ये अजिंक्य ठरला. आणि ज्या परक्या देशाची त्यांनी दहा वर्षे चाकरी केली, त्या जर्मनीने २०१९ साली त्यांना आपला राष्ट्रीय सन्मान अर्पण केला.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथ्या स्थानापर्यंत गेला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामना २-१ असा जिंकून सुवर्णपदक मिळविले. तो कोणाविरुद्ध? दक्षिण कोरियाविरुद्ध! बुम-कुन तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यानंतर आजवर आपणास आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही. कोरियाची सारी प्रगती एका माणसाच्या परदेशगमनाने झाली, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु एक फरक उघड दिसतो. सिक्कीमचे बायचुंग भुतिया १९९९ साली इंग्लंडच्या बरी या तिसऱ्या श्रेणीतील संघात गेले. आघाडीचाच खेळाडू, लीगमध्ये ३ गोल झाले, संघ खालच्या श्रेणीत घसरला, पैशाच्या अडचणीत सापडला आणि २००२ साली ते परतले. सुनील छेत्री यांनी २०१० साली अमेरिकेत आणि २०१२ साली पोर्तुगालमध्ये जाऊन पाहिले. आपण त्यांचे गोल मोजले आणि 'जमले नाही' म्हणून वही मिटली. त्यांच्या मागोमाग दहा-वीस मुले कोवळ्या वयात पाठवावीत, हे मात्र आपणास सुचले नाही. पहिल्या माणसाचे अपयश हे पुष्कळ वेळा दुसरा माणूस न पाठविणाऱ्यांचे अपयश असते.

ज्ञातिसंस्था म्हणजे संकुचितपणा, असा आरोप आपल्यावर वारंवार होतो. कुंपण घालून आतली माणसे मोजीत बसणे एवढेच आपण करणार असू, तर तो आरोप खराच आहे. परंतु आपले वडीलधारे गावाहून शहरात आले तेव्हा याच मंडळाने त्यांना खोली दिली, खाणावळ दाखविली, पहिल्या फीचे पैसे भरले. घर सोडून निघालेल्या माणसासाठीच ही संस्था जन्मास आली. तिनेच आता 'गेलेला मनुष्य कामाचा नाही' असे म्हणावे, हे तिच्या मूळ उद्देशास शोभणारे नव्हे. मैदानावर कोणी कोणाची जात विचारीत नाही. तेथे टिकेल असे आपले मूल तयार करणे, हीच आपल्या निधीची खरी प्रतिष्ठा होय.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, क्रीडासाहाय्य घेणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण सुटू नये, ही अट असावी आणि त्यासाठी लागणारी फी निधीने द्यावी. दुसरी, दुखापतीचा विमा साहाय्याच्या रकमेतूनच उतरवावा; मणक्याला लागलेला मार केवळ कौतुकाने बरा होत नाही. तिसरी, साहाय्य घेणाऱ्याकडून परत येण्याचे वचन मागू नये. मागावयाचे तर इतकेच मागावे की, पुढे जो कोणी त्याच्या दाराशी येईल, मग तो आपल्या ज्ञातीचा असो वा नसो, त्याला त्याने वाट दाखवावी.

निधीच्या चोपडीत या मुलांच्या नावापुढील जमेची बाजू काही वर्षे कोरी राहील. ती कोरी ठेवण्याचा धीर आपण धरला पाहिजे. ज्या मुलीचा किंवा मुलाचा अर्ज आज कार्यालयात येऊन पडला आहे, त्याचे उत्तर आपल्या या धीरावर अवलंबून आहे.